आजोबांची नोंद ‘भेटत नाही’ म्हणतात, पण शोधली कुठे?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी झाली, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. आम्ही तेली, वरूड तालुक्यातले, घरची संत्र्याची शेती. जात पडताळणी समितीने त्रुटी काढली आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागितला. मिस्टरांचा शाळेचा दाखला १९७९ चा आहे. सासरे शाळेत गेलेच नाहीत. ते २०१४ मध्ये वारले, तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपास होते. ग्रामपंचायतीत विचारलं, मोबाइलवर गावाचं नाव टाकून पाहिलं, काहीच निघालं नाही. तहसीलमधले म्हणतात, जुनं रेकॉर्ड भेटत नाही. तिथेच बाहेर बसणारा एक जण आठ हजारात काढून देतो म्हणते. घरबसल्या काढता येते का? — एक शेतकरी भगिनी, ता. वरूड

उत्तर : ताई, ते आठ हजार देऊ नका. हा माणूस ज्या दप्तरातून नोंद काढणार, ते दप्तर तुम्हालाही मागता येते. खर्च तिकीट, झेरॉक्स आणि एक-दोन चकरांचा. सगळे काम घरबसल्या होणार नाही, पण अर्धे नक्की होईल, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नेमके काय मागायचे ते तुमच्या हाती असेल.

आधी घरातच एक चौकशी करा. मिस्टरांचे सख्खे-चुलत भाऊ, त्यांची मुले, सासऱ्यांच्या भावांची नातवंडे यांपैकी कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे का? वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता हा समितीसमोरचा सर्वांत वजनदार कागद असतो. तो आणि नाते दाखवणारी वंशावळ मिळाली तर पुढची बरीच धावपळ वाचते. वैधता नसेल तर सासऱ्यांचा धाकटा भाऊ किंवा बहीण शाळेत गेली होती का ते विचारा. थोरला वावरात आणि धाकटा शाळेत, असे त्या काळी घरोघर होते. चुलत सासऱ्यांचा १९५० च्या दशकातला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा वंशावळीने जोडला की तोही तुमच्याच घराण्याचा पुरावा. तुमच्या माहेरचे कागद मात्र इथे कामाचे नाहीत, कारण मुलीची जात वडिलांच्या बाजूने तपासली जाते.

शाळेचा उतारा मागताना एक ध्यानात ठेवा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधी विदर्भात जनपद सभा होत्या, म्हणून जुन्या रजिस्टरवर ‘जनपद सभा’ लिहिलेले दिसले तर ते वेगळ्या शाळेचे समजून बाजूला ठेवू नका. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे जमा आहे हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा.

आता मोबाइलवर काही का निघाले नाही ते सांगते. पहिले कारण तालुका. वरूड हा पूर्वी तालुकाच नव्हता, तो मोर्शी तालुक्यात होता. जुन्या अमरावती जिल्ह्यात अमरावती, चांदूर, मोर्शी, अचलपूर, दर्यापूर आणि मेळघाट एवढेच तालुके होते. वरूड, तिवसा, धामणगाव, चांदूर बाजार, अंजनगाव सुर्जी हे नंतर फोडून झाले. तालुका फुटला तेव्हा गावाचे चालू दप्तर नव्या तहसीलला गेले, पण सगळे जुने गठ्ठे गेलेच असे नाही. तुमच्या सासऱ्यांच्या जन्माची नोंद मोर्शीच्या रेकॉर्ड रूममध्ये असण्याची शक्यता मोठी आहे, आणि वरूडच्या तहसीलमधले ‘भेटत नाही’ म्हणतात ते त्यांच्या खोलीपुरते खरेही असेल. जिल्ह्यांचेही असेच आहे. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला. तिकडच्या वाचकांनी जुना जिल्हाही तपासावा.

दुसरे कारण असे की महसूल खात्याचे संकेतस्थळ जुने कागद माणसाच्या नावावरून शोधत नाही. त्याला गाव, कागदाचा प्रकार आणि सर्व्हे किंवा गट नंबर लागतो. तेव्हा आधी आजचा सातबारा हाती घ्या. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट दिसतो, पण तो माहितीपुरता असतो. समितीला द्यायचा तर डिजिटल स्वाक्षरीचा काढा, एका प्रतीला १५ रुपये. पैसे भरल्यावर फाइल लगेच उतरवून ठेवा, ती तिथे कायम राहत नाही. त्या सातबाऱ्यावर ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून कंसात आकडे असतात (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद). ते सगळे वहीत उतरवा. तुम्हाला मागे मागे नेणारी वाट तीच आहे: सासरे गेल्यावरचा वारस फेरफार, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा, त्याआधी वाटणीचा किंवा खरेदीचा.

सातबाऱ्यावर जात सहसा नसते. त्यावर मिळतो तो नंबर आणि नात्याची साखळी. जात सापडते ती जुन्या फेरफाराच्या मजकुरात, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात, आणि सर्वांत जास्त कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरात. पुष्कळ लोक सातबाऱ्यांचा ढीग समितीला देतात आणि ‘एवढे कागद देऊनही त्रुटी’ म्हणून हताश होतात. त्या ढिगात जातीचा उल्लेखच नसतो.

नंबर हाती आला की ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जा. जुनी कागदपत्रे स्कॅन करून तिथे ठेवण्याच्या कामात अमरावती आणि अकोला हे सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी आहेत, म्हणजे तुमच्या बाजूने थोडे नशीब आहे. पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो की नाही ते पाहा, सारख्या नावाची खासगी पाने पुष्कळ आहेत, तिथे आधार नंबर देऊ नका. नाव, मोबाइल, पत्ता भरून नोंदणी करा. मग जिल्हा, कार्यालय, गाव आणि कागदाचा प्रकार निवडून सर्व्हे नंबर टाका. कार्यालयाच्या जागी एकदा वरूड आणि एकदा मोर्शी, दोन्ही पाहा. भूमी अभिलेख कार्यालयाचा पर्याय दिसला तर तोही उघडा. जी वर्षे दिसतील ती कार्टमध्ये टाका, पुढे जा, आणि ‘उपलब्ध’ दाखवल्यावर फाइल उघडून पाहा. नंबराला तुकडे असतील (४२/१, ४२/२) तर नुसते ४२ टाकूनही शोधा. जुन्या काळी तो अखंड असायचा. काम मोबाइलपेक्षा संगणकावर बरे होते, कारण पान मोठे करून वाचावे लागते.

काही गावांत एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. तुमच्या गावात झाले असेल तर आजचा गट नंबर १९५५ च्या कागदावर सापडणारच नाही. जुन्या-नव्या नंबरांचा ताळा एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात असतो, आणि ते तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. वावर ज्या मौजात (महसुली गावात) आहे तोच मौजा राहत्या गावाचा, असेही गृहीत धरू नका. आपल्याकडे रिठी मौजे पुष्कळ आहेत, वस्ती उठलेली पण शिवार चालू. फेरफार रिठी मौजाच्या नावाने आणि जन्माची नोंद राहत्या गावाच्या नावाने, असे होते. अप्पर वर्धा धरणात गेलेल्या आणि पुनर्वसन झालेल्या गावांच्या लोकांनी जुन्या गावाच्या नावानेच शोधावे.

आता मुख्य कागदाकडे, कोतवाल बुकाकडे येऊ. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल द्यायचा, त्याचे रजिस्टर शेवटी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाई. म्हणून १९४० ची नोंद ग्रामपंचायतीत शोधण्यात अर्थ नाही. या रजिस्टराला कुठे जन्म-मृत्यू पंजी म्हणतात, कुठे गाव नमुना १४. अर्जात तिन्ही नावे लिहा, म्हणजे ‘असे रजिस्टर आमच्याकडे नाही’ असे उत्तर देता येणार नाही.

त्या पानावर काय दिसेल तेही सांगते, कारण इथेच नोंद समोर असून लोक परत जातात. आडनाव नसते. बहुतेकदा बाळाचे नावही नसते. समजा सासऱ्यांचे वडील तुकाराम आणि त्यांचे वडील गणू, तर ओळ साधारण अशी असते: तारीख, ‘तुकाराम वल्द गणू, जात तेली, मुलगा’. बस. ‘वल्द’च्या पुढचे नाव तुकारामाच्या बापाचे, म्हणजे बाळाच्या आज्याचे. जात कधी एका अक्षरातच उरकलेली असते, तेव्हा त्याच बुकात पूर्ण शब्द लिहिलेले एखादे पानही सोबत मागा. गावात त्या नावाचे दोन तुकाराम असतील तर? त्यासाठी एकच नोंद न घेता त्या बापाच्या नावावरच्या सगळ्या जन्मांच्या नोंदी घ्या. चार भावंडांचा क्रम आणि मुलगा-मुलगी वंशावळीशी जुळले, की हेच ते कुटुंब हे ठसठशीत दिसते. वारस फेरफारात सासऱ्यांच्या नावासमोर तुकाराम असेल, तो दुसरा खिळा.

जन्मवर्षावर फार विश्वास ठेवू नका. पंच्याहत्तरी म्हणजे १९३९, पण घरचा अंदाज तीन-चार वर्षांनी सहज चुकतो; म्हणून १९३५ ते १९४३ पाहा. त्या वर्षांची बुके नसतील तर सासऱ्यांच्या भावंडांचे जन्म, किंवा १९६७ च्या आधी घरात झालेला कुठलाही मृत्यू शोधा. आजेसासऱ्यांच्या मृत्यूच्या नोंदीतही जात असते. पानाच्या माथ्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ किंवा ‘मध्यप्रदेश’ दिसले तर गोंधळू नका, विदर्भ १९५६ पर्यंत तिकडेच होता. लिपी मोडी असेल तर जाणकाराकडून देवनागरीत उतरवून, त्याची सही असलेला कागद मूळ नकलेला जोडा. नागपूरच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणाऱ्यांची चौकशी करता येते.

हे बुक स्कॅन झालेले असेल तर ‘आपले अभिलेख’वर कागदाच्या प्रकारात दिसेल. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना अनेक जिल्ह्यांनी जुनी पाने स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर गावनिहाय टाकली. तुम्ही तेली असलात तरी ती पाने उघडा. एकाच पानावर गावातल्या सगळ्या जातींच्या नोंदी असतात, आणि निदान तुमच्या गावाचे कोणत्या सालचे बुक शाबूत आहे एवढे तरी कळते.

ऑनलाइन मिळो न मिळो, समितीला साक्षांकित नक्कल लागते. त्यासाठी मोर्शी आणि वरूड, दोन्ही तहसीलच्या नक्कल शाखेत कोर्ट फी तिकीट लावून वेगवेगळा अर्ज द्या. अर्जात मौजा, जुना तालुका, रजिस्टरची तिन्ही नावे, वर्षे, बापाचे आणि आज्याचे नाव, आणि ‘जात पडताळणीसाठी’ हे कारण लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी विचारलेल्याला तोंडीच उत्तर मिळते, आणि तोंडी उत्तरावर पुढे काहीच करता येत नाही.

तुम्हाला आजवर मिळाले ते सगळे तोंडीच. तेव्हा नकलेच्या अर्जासोबतच माहिती अधिकाराचा अर्जही टाका. हा खरोखर घरबसल्या होतो. राज्य शासनाच्या माहिती अधिकार ऑनलाइन संकेतस्थळावर कार्यालयांच्या यादीत तहसील सापडले नाही तर जिल्हाधिकारी कार्यालय, अमरावती निवडा. ज्या कार्यालयाकडे माहिती आहे तिकडे अर्ज ५ दिवसांत पाठवणे कलम ६(३) प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, पण दाखल्याची पीडीएफ जोडावी लागते. पैसे कापले गेले आणि नोंदणी क्रमांक आला नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, एक-दोन दिवस थांबून पाहा. ऑनलाइन जमले नाही तर जोडपत्र ‘अ’ भरून, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून स्पीड पोस्टाने पाठवा.

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. घरची सगळी कहाणी लिहिली की अर्ज तिथेच अडकतो. कारण सांगण्याचीही गरज नाही. मजकूर असा ठेवा:

‘विषय : मौजा (गावाचे नाव), जुना तालुका मोर्शी, येथील कोतवाल बुक / जन्म-मृत्यू पंजी / गाव नमुना १४. कालावधी : १९३५ ते १९४३. (१) या वर्षांची सदर रजिस्टरे आपल्या अभिलेख कक्षात आहेत काय. असल्यास गठ्ठा क्रमांक व पानांची संख्या. (२) सदर रजिस्टरांच्या प्रत्यक्ष पाहणीसाठी तारीख व वेळ. (३) तुकाराम वल्द गणू यांच्या नावाच्या नोंदी असलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती. (४) रजिस्टरे नसल्यास ती कोणत्या कार्यालयास हस्तांतरित केली, त्या यादीची प्रत. नष्ट केली असल्यास नष्ट अभिलेखांच्या नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत.’

यातला दुसरा मुद्दा काढू नका. ‘नाव शोधून देणे आमचे काम नाही’ असे उत्तर आले तरी पाहणीचा हक्क राहतोच, आणि घराण्याची नावे माहीत असलेला माणूस ते पान कारकुनापेक्षा लवकर ओळखतो. पाहणीला मिस्टरांसोबत घरातले एखादे जुने माणूस, आत्या असतील तर आत्यांनाच न्या. चौथा मुद्दा ‘भेटत नाही’ या उत्तराची वाट बंद करतो. सार्वजनिक अभिलेख नियमबाह्य नष्ट करणे हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली गुन्हा आहे. म्हणून रजिस्टर नाही असे लिहून देण्याआधी अधिकारी पुन्हा एकदा कपाट उघडून पाहतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. पाने २ रुपये प्रमाणे. मुदत उलटली की प्रती फुकट द्याव्या लागतात. उत्तर नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा, फी २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे. त्याला बराच वेळ लागतो, म्हणून त्यावर विसंबून बसू नका. बहुतेक गठ्ठे पहिल्या अपिलाच्या सुनावणीपर्यंत सापडतात. माहिती अधिकारात मिळालेल्या प्रतीवर तसा शिक्का असतो, आणि काही समित्या ती घ्यायला कां-कूं करतात. वाद घालत बसू नका. तिच्यावरून गठ्ठा आणि पान क्रमांक कळला, तो घालून नक्कल शाखेत नवा अर्ज करा. ‘शोधून द्या’ म्हणण्याऐवजी ‘अमुक पानाची नक्कल द्या’ म्हटले की काम झटपट होते.

दरम्यान त्रुटीची तारीख जाऊ देऊ नका. समितीच्या लॉगिनमध्ये आजच लेखी मुदतवाढ मागा, आणि दोन्ही नक्कल अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती व माहिती अधिकाराचा नोंदणी क्रमांक जोडा. पुराव्यासाठी धडपड चालू आहे हे कागदावर दिसले पाहिजे, नाहीतर प्रकरण पुराव्याअभावी निकाली निघू शकते. प्रवेशासाठी वैधता कधीपर्यंत चालेल ते सीईटी कक्षाच्या यंदाच्या सूचनांतच पाहा, गेल्या वर्षीचा नियम धरू नका. समितीकडे केलेल्या अर्जाची पावती प्रवेशाच्या कागदांत हवीच.

कागद आले की ते एका ओळीत लावा: मुलीचा दाखला, मिस्टरांचा दाखला, वारस फेरफार, त्याआधीचा फेरफार, कोतवाल बुकाची नक्कल. प्रत्येक कागदावरचे नाव वंशावळीच्या शपथपत्रातल्या नावाशी जुळवून पाहा. ‘गणू’ एका ठिकाणी ‘गणपत’ झाला असेल, आडनाव मधूनच सुरू झाले असेल, तर तो फरक शपथपत्रातच लिहा. समितीने विचारण्याआधी तुम्ही सांगितलेला फरक खुलासा ठरतो, नंतर सांगितला तर संशय. आणि बाहेर बसणारा तो माणूस आतल्या कुणाच्या नावाने पैसे मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक टोल फ्री आहे.